भौतिकोपचाराचे शिक्षण आणि सामाजिक उत्तरदायित्व

भारतात भौतिकोपचाराचे शिक्षण एका साथीतून जन्मास आले. १९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओचा उद्रेक झाला आणि त्यानंतर के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विषयाची शाळा उभी राहिली. समाजाच्या निकडीतून निघालेल्या विद्येला समाजाची आठवण निराळी करून द्यावी लागावी, हे थोडे नवलाचेच होय.

याचे कारण प्रशिक्षणाच्या रचनेत आहे. विद्यार्थ्याची आणि रुग्णाची गाठ पडते ती उपचारकक्षात. तेथील फरशी सपाट असते, खाट बेताच्या उंचीची असते, आधाराला दांड्या असतात. पक्षाघाताचा रुग्ण खुर्चीवरून उठून चालू लागला की उपचार सफल झाल्याची नोंद होते. पण त्याच्या घरी बहुधा खुर्चीच नसते. जेवायला जमिनीवर बसायचे, शौचासाठी उकिडवे बसायचे आणि दारातला उंबरठा ओलांडायचा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. पुढे तो रुग्णालयाकडे फिरकला नाही, तर 'रुग्णाचे सहकार्य नाही' असा शेरा पडतो. बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे यांसाठी नोंदपत्रात रकाना नसतो.

या संदर्भात जयपूरचे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. पाश्चात्त्य बनावटीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी घडवलेला असे. तो घालून मांडी घालता येत नसे, की शेतातल्या चिखलात अनवाणी चालता येत नसे. साहजिकच अनेकजण तो टाकून देऊन कुबड्या जवळ करीत. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा लवचीक पाय सिद्ध केला. विद्यार्थ्यांना हा शोध सांगितला जातो. त्यामागचा प्रश्न क्वचितच. पाय टाकून दिला गेला, यात दोष रुग्णाचा की पायाचा?

अमेरिकेतील भौतिकोपचार संघटनेने २००३ मध्ये व्यवसायाच्या सात मूलभूत मूल्यांत सामाजिक उत्तरदायित्वाला स्थान दिले. अशी यादी पाठ होते आणि उत्तरपत्रिकेतही उतरते, परंतु तेवढ्याने विद्यार्थ्याची दृष्टी बदलत नाही. एक दिवसाच्या शिबिरांचेही तसेच आहे. (छायाचित्रे मात्र चांगली निघतात.) शिबिरात मुलाला कॅलिपर मिळते, मूल वाढते, कॅलिपर वाढत नाही, आणि ते दुरुस्त करणारा कोणी जवळपास नसतो.

याहून फलदायी म्हणजे एकाच कुटुंबाकडे वर्षभर वरचेवर जाणे. सांध्याचा कोन मोजणाऱ्या विद्यार्थ्याने उंबरठ्याची उंचीही मोजावी. आजीला नातवाचे व्यायाम शिकवावे आणि पुढच्या खेपेस आपण बाजूला बसून तिचे हात पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या प्रशिक्षण-पुस्तिकेतही घरातील माणसालाच शिक्षक मानले आहे. आपले कौशल्य दुसऱ्याच्या हाती सोपवणे तरुण तज्ज्ञाला जड जाते, कारण त्याचा मान त्या कौशल्यावरच उभा असतो. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेतील काही गुण विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या उपचाराला न देता, त्याने शिकवलेली आजी ते व्यायाम कसे करवून घेते, यावर द्यावेत.