डोंगरमाथ्यावरील खाणी आणि पायथ्याचीं गांवें

आपल्या डोंगरांत कोळसा कां निघत नाहीं, असा प्रश्न भूगोलाच्या तासाला वरच्या इयत्तांतील मुलें आम्हांस हटकून विचारतात. उत्तर सोपें आहे. सुरगाण्याचे डोंगर काळ्या पाषाणाचे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहिलेल्या तप्त रसाचे थर एकावर एक थिजून ते झाले. दगडी कोळसा म्हणजे त्याहूनहि प्राचीन अरण्यें, जीं दलदलींत गाडलीं जाऊन कठीण झालीं. आपल्या राज्यांत तो चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या बाजूस सांपडतो. तेव्हां कोळशाची खाण आपल्या दारीं येण्याची भीति नाहीं. पण डोंगराचें डोकें उडवून पोटांतील द्रव्य काढण्याची जी रीत जगांत चालू आहे, तिचा विचार डोंगरांत राहणाऱ्यांनीं अवश्य केला पाहिजे.

ही रीत अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया व केंटकी या प्रांतांत विशेष वाढली. पूर्वीं खाणकरी बोगदा खणून आंत शिरत. नव्या रीतींत आधीं रान तोडतात, मग सुरुंग लावून माथ्याचे खडक फोडतात, आणि कोळशाचा थर उघडा पडला कीं प्रचंड यंत्रांनीं तो उचलून नेतात. उरलेला राडारोडा शेजारच्या दरींत ढकलला जातो. दरींत काय असतें हें आमच्या मुलांस सांगावयास नको: ओहोळ असतो. तो बुजला म्हणजे खालच्या गांवची नदी मुळांतच खुंटली. शिवाय फुटलेल्या खडकांतून झिरपणारें पाणी क्षार घेऊन खालीं उतरतें. कोळसा धुतल्यावर उरणाऱ्या गाळाचें भय तर निराळेंच. वेस्ट व्हर्जिनियांतील बफेलो क्रीक येथें २६ फेब्रुवारी १९७२ रोजीं अशा गाळाचा बांध फुटून १२५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. १९७७ सालीं तेथें उघड्या खाणींसाठीं कायदा झाला. खोदलेल्या जमिनीस पूर्वीचा आकार द्यावा असा त्यांत नियम आहे, पण डोंगरमाथ्याच्या खाणींस त्यांतून सवलतहि ठेवली आहे. एवढें असून तेथील सर्वच रहिवासी खाणीविरुद्ध आहेत असें नाहीं. ज्या घराची विहीर बिघडली त्याच घरचा कर्ता पुरुष खाणींत कामाला असूं शकतो. मग वाद चव्हाट्यावर न होतां चुलीपाशीं होतो. त्यांतहि गोम अशी कीं, यंत्रें मोठीं असल्यामुळें या रीतींत माणसें थोडींच लागतात.

महाराष्ट्रांत याचें जवळचें उदाहरण म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांतील सुरजागड. तेथें कोळसा नव्हे, लोहखनिज आहे. लॉइड्स मेटल्स या कंपनीस २००७ सालीं सुमारें ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. हा मुलूख नक्षलवाद्यांच्या छायेंतला. डिसेंबर २०१६ मध्यें त्यांनीं तेथें कित्येक मालमोटारी जाळल्या. २०२१ पासून काम नेटानें सुरू झालें, आणि २०२३ सालीं वर्षाला ३० लक्ष टनांऐवजीं १ कोटि टन खनिज काढण्यास परवानगी मिळाली.

खाणीचे कैवारी म्हणतात, या जिल्ह्यांत तरुणांस काम नव्हतें. खाणीनें तें दिलें, आणि चामोर्शी तालुक्यांत कोनसरी येथें कारखानाहि उभा राहिला. शिवाय लोखंड कोणास नको? आमच्या वर्गांतील बांकांचे खिळेहि कोठल्या तरी डोंगरांतूनच आले आहेत. हा मुद्दा हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. विरोधकांचें म्हणणें असें कीं, पावसाळ्यांत लाल गाळ भातशेतींत उतरतो, मालमोटारींच्या धुरळ्यानें रस्त्याकांठचीं पिकें माखतात, आणि माडिया गोंड लोकांचा ठाकुरदेव ज्या डोंगरावर आहे तोच कापला जातो. २०२३ सालीं तोडगट्टा येथें अनेक गांवांचे लोक नव्या खाणींविरुद्ध महिनोन्महिने धरणें धरून बसले होते.

आम्हांस मात्र याहून मोठा प्रश्न वाटतो तो हा, कीं गांवास विचारलें कोणी? शास्त्रांत नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. अहाब राजानें त्याला दुसरा, अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊं केली. वाडवडिलांचें वतन म्हणून नाबोथानें नकार दिला. राजाची मागणी वरवर वाजवीच होती, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अन्यायास आरंभ झाला तो नकार सहन न झाल्यामुळें.

ओडिशांतील नियमगिरीवर बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयानें १८ एप्रिल २०१३ रोजीं तो प्रश्न ग्रामसभांपुढें ठेवावयास सांगितला, आणि बाराहि ग्रामसभांनीं नकार दिला. आपला सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रांत आहे. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणें अशा क्षेत्रांत दगड-मुरुमासारख्या गौण खनिजाचा पट्टा ग्रामसभेची अथवा पंचायतीची आगाऊ शिफारस असल्यावांचून देतां येत नाहीं. हें पालकांनीं मुद्दाम वाचावें, कारण आपल्याच जिल्ह्यांत, गोदावरीच्या उगमाशीं असलेल्या ब्रह्मगिरीच्या परिसरांतील खोदकामावरून २०२१ सालीं मोठा गवगवा झाला होता. डोंगऱ्यादेवाचा उत्सव करणाऱ्या आमच्या कोंकणा बंधूंस ठाकुरदेवाची गोष्ट परकी वाटणार नाहीं.

सुरगाण्यांत पाऊस उदंड, तरी उन्हाळ्यांत हंडाभर पाण्यासाठीं दूर चालावें लागतें; कारण कातळांत मुरतें थोडें आणि बाकीचें नार, पार या नद्यांतून निघून जातें. जें मुरतें तेंच भेगांतून झऱ्यास येतें. म्हणून इयत्ता नववीच्या मुलांनीं सुटींत एक काम करावें. आपल्या पाड्याचा झरा कोणत्या डोंगरांतून येतो, कोणत्या महिन्यांत आटतो, आणि त्या डोंगरावर कोठें दगड फोडला जात आहे काय, हें वडील माणसांस विचारून वहींत लिहून आणावें. सोबत नकाशा काढावा. तो पेन्सिलीनें काढलेला चालेल.