मेलेल्या जीपची बुक

नागपूर

चि. छोटू,


काल वहिनीचा फोन होता. कळमेश्वरला घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये तुझी जीप उभी राहते आहे, हे दादाकडून कळलंच होतं. विजेचं बिल किती वाढलं याची तक्रार करता करता पोराने चौकोनी पाइप कापून अख्खी चेसिस स्वतः वेल्ड केली, हे त्याने दोनदा ऐकवलं. वहिनीने सांगितलं ते मात्र वेगळं आहे. कोणी एजंट म्हणे भंगारात गेलेल्या एका जीपची आरसी बुक तुला देणार, तिचा नंबर तुझ्या चेसिसवर पंच करून देणार, आणि ‘आरटीओचं टेन्शन घेऊ नका’ म्हणतो. हे खोटं असेल तर पत्र इथेच ठेव आणि आपल्या कामाला लाग. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच. पैसे दिले नसतील तर देऊ नकोस, दिले असतील तर बुडाले समज. त्या बुकाला हात लावू नकोस.

तुझा राग मला कळतो. गाडी पक्की आहे, ब्रेक लागतात, दिवे लागतात, इंजिन ओम्नीचं म्हणजे कंपनीचं, मग आरटीओच्या साहेबाने यावं, बघावं आणि नंबर द्यावा, असं तुझं म्हणणं. नोंदणी म्हणजे कारागिरीची परीक्षा, असं तू धरून चालला आहेस. सगळी गफलत तिथे आहे. नव्या गाडीला फॉर्म २० हा मालकाचा अर्ज लागतो, फॉर्म २१ हा विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२ म्हणजे ही गाडी नियमांत बसते आणि रस्त्यावर चालवायला योग्य आहे, असं बनवणाऱ्याने लिहून दिलेलं. ते लिहून देण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे त्याला गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या, नगरच्या व्हीआरडीईसारख्या किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेत नेऊन पास करून घ्यावा लागतो. थोडक्यात, उद्या स्टिअरिंगचा सांधा निखळला तर जाब कोणाला विचारायचा, हे गाडी रस्त्यावर यायच्या आधीच ठरलेलं असतं. तुझ्या जीपच्या कागदांत नेमकी हीच जागा रिकामी आहे, आणि तुझं वेल्डिंग कितीही देखणं असलं तरी ती भरत नाही.

यावर तू म्हणशील, ट्रकच्या बॉड्या तर गल्लीबोळातल्या कारखान्यांत बांधतात, त्यांना पासिंग कसं मिळतं? मिळतं, कारण खालची चेसिस इंजिनासकट कंपनीची असते. त्यांच्यासाठी फॉर्म २२-अ आहे. त्याचा पहिला भाग चेसिसवाली कंपनी भरते आणि दुसरा बॉडी बांधणारा. दोघांची सही, दोघांची जबाबदारी. लहान माणसाला कायदा हाकलून लावतो असंही म्हणता येणार नाही. गोव्यात सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन दारांची छोटी स्पोर्ट्स कार काढली होती. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं, सव्वा लिटरच्याही आतलं. ती गाडी किती खपली हा वेगळा विषय, पण तिच्यामागे बनवणारा म्हणून एक कंपनी उभी होती, म्हणून तिला रीतसर नंबर मिळत असे. मोठ्या कंपनीचा चाचण्यांचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला जातो. तुझी गाडी एकच, तेव्हा सगळा भार एकीवरच येणार. हे तुझ्यावर अन्यायाचं आहे, मान्य. पण अन्याय आहे म्हणून खोटी बुक खरी होत नाही.

आता धुराचं. ‘पीयूसी आरामात निघेल’ असं तू वहिनीला म्हणालास. निघेलही कदाचित. पण पीयूसी ही आधीच नोंदलेल्या गाडीची तपासणी आहे. सायलेन्सरमध्ये नळी घालून पेट्रोल गाडीतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तेही गाडी जागेवर उभी असताना. नव्या गाडीला जी परीक्षा असते ती रोलरवर ठरलेल्या चक्रात चालवून घेतात. वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं, आणि त्यात दर किलोमीटरला काय काय बाहेर पडलं ते मोजायचं. भारत स्टेज ६ मध्ये पेट्रोल कारला नायट्रोजन ऑक्साइड किलोमीटरमागे ०.०६ ग्रॅमच्या वर चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाडीला हेच मोजमाप आहे. बीएस-४ गाडीची नोंदणी त्यानंतर करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगून ठेवलं होतं. तुझी गाडी आज तयार झाली म्हणजे कायद्याच्या नजरेत ती आजची गाडी, इंजिन कितीही जुन्या ओम्नीतून काढलेलं असो. ते ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन गुणाचं आहे, पण आजच्या मापाला ते पुरं पडणार नाही, आणि कार्ब्युरेटर कितीही साफ केलास तरी पडणार नाही.

एजंटने हाच अडथळा हेरला आहे. नवी गाडी म्हणून नोंद होत नाही ना, मग जुनी आहे असं दाखवू. दाखवणार कशाच्या जोरावर? मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत, किंवा होईल तितक्या लवकर, ते कळवायचं आणि नोंदणीचं प्रमाणपत्र परत करायचं. म्हणजे त्या जीपबरोबर तिची बुकही जायला हवी होती. ती बाजारात फिरते आहे, म्हणजे पहिली लबाडी तुझ्या आधीच कोणीतरी केली आहे. दुसरी तुझ्या हातून करून घ्यायची आहे. त्या बुकात काय लिहिलं असेल याचा विचार केलास का? जुनी जीप बहुधा डिझेलची, चार सिलिंडर, दोन हजारांवर सीसी. तुझी पेट्रोल, तीन सिलिंडर. पीयूसीवाल्याने नंबर टाकला की पडद्यावर ‘डिझेल’ येणार. डिझेलची तपासणीच वेगळी, धूर किती दाट ते पाहतात. तिथेच तो तुझ्या तोंडाकडे बघेल. तिथे निभावलंच तर पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणासाठी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, आणि पुढे विकायची झाली तर घेणाराही चेसिसवर कागद ठेवून, पेन्सिल घासून नंबराचा ठसा उतरवतो. कंपनीचा ठसा एका खोलीचा, एका ओळीत. हातोडीने एकेक पंच मारलेला आकडा एक खोल जातो, एक तिरका बसतो. खाली जुना आकडा ग्राइंडरने उडवलेला असेल तर तेही लपत नाही. ठसा मारताना आकड्याखालचं लोखंड दबलेलं असतं. वरचा थर घासला तरी ते दबलेपण उरतं, आणि त्यावर आम्ल लावलं की पुसलेला आकडा पुन्हा उमटतो. ही विद्या जुनी आहे, आणि न्यायसहायक प्रयोगशाळा आपल्या नागपुरातच आहे. इथून पुढचं प्रकरण दंडाचं राहत नाही. बनावट कागद आणि फसवणूक यांचा तो फौजदारी गुन्हा होतो, आणि आरोपीच्या जागी एजंटचं नाव नसतं. तो नावच सांगत नाही, बघ.

देवराष्ट्र्याचं उदाहरण तू देणारच. सांगली जिल्ह्यातल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून सुमारे ६० हजारांत छोटी जीप केली, पायाने किक मारून सुरू होणारी, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं हे खरं. पण त्यांनी काय म्हटलं तेही पूर्ण वाच. ही गाडी कुठल्याही नियमात बसत नाही आणि आज ना उद्या तिथले अधिकारी ती थांबवतील, असं सांगूनच त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली. लोहारांनी आधी आढेवेढे घेतले, मग जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घेतली. म्हणजे ज्या जीपचं देशाने कौतुक केलं तिलाही नंबर मिळाला नाही; नंबराची गाडी दुसरीच आली. मला त्यात लोहारांचं मोठेपण एका गोष्टीत वाटतं. आपली गाडी आपलीच म्हणून त्यांनी दाखवली, दुसऱ्या कुठल्या गाडीचं नाव तिला लावलं नाही.

बाहेरच्या देशांत होतं, मग आपल्याकडेच काऊन नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. ब्रिटनमध्ये हाताने बनवलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते, आणि हौशी माणसाने बनवलेली असेल तर धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावरून धरतात. कॅलिफोर्निया धुराच्या बाबतीत अमेरिकेत सगळ्यांत कडक, पण तिथेही दरवर्षी पहिल्या ५०० घरगुती गाड्यांना अशी सवलत मिळते. थोड्याशा गाड्यांनी हवा बिघडत नाही, हा हिशेब त्यांनी केला. आपणही करायला हवा. वर्षाला शंभर गाड्यांची मुभा ठेवून ब्रेक, दिवे आणि धूर कडक तपासले तर राज्याचं काही जाणार नाही. पण हा वाद कायदा बदलणाऱ्यांशी घालायचा आहे. आजचा कायदा उलट्या दिशेचा आहे. राजस्थानच्या जुगाड गाड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की ही मोटार वाहनंच आहेत, त्यांना सगळे नियम लागू. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल नोंदलेल्या गाडीतही करता येणार नाही. ‘मग फक्त शेतात चालवीन’ म्हणशील, तर कलम ३९ मध्ये सार्वजनिक जागेबरोबर ‘किंवा इतर कोणत्याही जागी’ असे शब्द आहेत. शिवाय शेतात जायला पांदण ओलांडावीच लागते, आणि पांदण सगळ्यांची असते.

राहिलं ते तुझं सगळ्यांत पक्कं म्हणणं, की कळमेश्वरात अडवतो कोण? खरंच, बहुधा कोणी अडवणार नाही. एमआयडीसीच्या रस्त्याला, अदाशाच्या वाटेला तुझी जीप वर्षानुवर्षं फिरेल. माझी भीती अडवणाऱ्याची नाहीच. विना नोंदणीचा पहिला दंड पाच हजारांपर्यंत, तो दादा कुरकुर करत भरून टाकेल. उभी नोकरी विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर गेलेल्या बाईला दुसरंच दिसतं. काटोल रोडला संध्याकाळी शिफ्ट सुटते, सायकलवाला मध्ये येतो, यात तुझी चूक असेलच असंही नाही. पण पॉलिसी मेलेल्या जीपच्या नावावर आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून घेतलेली पॉलिसी नाकारायचा कंपनीला कायद्याने हक्क आहे. न्यायाधिकरणाने मृताच्या घरच्यांकडे बघून कंपनीला आधी भरायला लावलं, तरी ती रक्कम नंतर वसूल होते. तुझ्याकडून काय होणार? ती होणार दादाच्या संत्र्याच्या बगिच्यातून. आणि त्या सायकलवाल्याच्या घरी जे व्हायचं ते होऊनच गेलेलं असेल. म्हणून पुन्हा सांगते, छोटू, ती बुक घेऊ नकोस.

फार बोलले, जाणीव आहे. आमच्या वेळी घरात पान्याला मुलीने हात लावायचा नाही अशी रीत होती. माझ्या वाट्याला फायली आल्या, आणि यंत्र उघडून बघायची भूक तशीच राहिली. म्हणून तुझ्या हाताला अडवायची मला हौस नाही. पिथमपूरला २००७ पासून इंजिनीअरिंगच्या मुलांची बाजा एसएईइंडिया स्पर्धा होते. गाडी मुलांनीच घडवायची, चालवायची स्पर्धेच्या मैदानात, नंबराची गरज नाही. तुझ्या कॉलेजात टीम नसेल तर सरांना भेटून उभी कर, प्रवेशाचे पैसे कमी पडले तर मला सांग. आणि जीपच फिरवायची असेल तर जिवंत बुकाची, एमएच-४० ची, मालक समोर बसून सही देईल अशी एखादी जुनी जीप शोधू. तिचं इंजिन तिचंच ठेवून तू तिला नव्यासारखी करशील याची मला खात्री आहे. निम्मे पैसे माझे; दादाला इतक्यात सांगू नकोस. तुझी चेसिस मात्र मोडू नको. तिची मापं, जोड, ड्रॉइंग नीट लिहून ठेव. नोकरीच्या मुलाखतीत फोटो दाखवलास तर चार सर्टिफिकेटांपेक्षा जास्त कामाला येतील.

रविवारी ये. ड्रॉइंग आण, मला समजावून सांग. पुढचं सस्पेन्शन कसं बसवलंस ते मला दादाच्या सांगण्यावरून कळलं नाही. आणि वहिनी म्हणाली, रात्री डोळे लाल होतात, पाणी येतं. वेल्डिंगला काच न धरता बसतोस ना? गुलाबपाणी घालत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव, आणि पूर्ण तोंड झाकेल असा मास्क घे. पैसे आजच पाठवते.

तुझी,
आत्याबाई