डागाला दाम मोजण्यापूर्वी

जुनी ड्रेस घड्याळे म्हणजे शर्टाच्या कफखाली सहज सरकणारी, पातळ, दोन-तीन काट्यांची, चामडी पट्ट्याची घड्याळे. ती जमवू पाहणाऱ्यांना मला आधी पैशांविषयीच सांगायचे आहे. १९३२ साली आलेल्या पाटेक फिलिपच्या कॅलाट्राव्हाचे उदाहरण घ्या किंवा १९५२च्या ओमेगा कॉन्स्टेलेशनचे. मशीन दुरुस्त होते, चावी बदलता येते, काच नवी बसते. तबकडी मात्र एकदा घासून रंगवली की मूळची परत मिळत नाही. म्हणून जाणकार जास्तीत जास्त पैसे तबकडीसाठी मोजतात आणि अलीकडे तर काळाच्या ओघात दुधाळ, पिवळसर किंवा तपकिरी झालेल्या तबकडीला विशेष भाव देतात. या जुनेपणाला दाम द्यायला माझी हरकत नाही. पण तो पुराव्यासारखा तपासून घ्यायला हवा. डाग देखणा आहे का, हे मागाहून पाहावे. घड्याळाच्या उरलेल्या अंगांशी तो जुळतो का, हे आधी पाहावे.

ही सावधगिरी मुंबईत जास्त लागते आणि त्यामागे इतिहास आहे. फाव्र-ल्युबा या स्विस घड्याळ कंपनीचा मुंबईशी व्यापार एकोणिसाव्या शतकापासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनीचे नावही याच शहरात घरोघरी पोहोचले. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने आली. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळे बनू लागली, तरी हातातले स्विस घड्याळ कोणी टाकून दिले नाही. त्याची मूळ तबकडी इथे सहजी मिळत नसे, म्हणून घड्याळजी जुनीच उतरवून रंगवून आणत. मालकालाही तेच हवे असे. पुढे हीच हातोटी निर्यातीच्या कामी आली आणि चकचकीत रंगवलेल्या, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेल्या मालाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणू लागले. मुंबईतल्या साकीनाक्याच्या लोकांना यात नवल वाटू नये. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांतील गाळ्यांत प्लेटिंग, पॉलिश, छपाई ही नेहमीची कामे. घड्याळाच्या तबकड्या तिथेच होतात असे मी म्हणत नाही. पण पितळेचा जुना पत्रा नवा दिसायला किती कमी वेळ आणि पैसा लागतो, हे तिथल्या कोणत्याही कारागिराला विचारावे.

खरी तबकडी म्हातारी कशी होते, हे समजले की निम्मी फसवणूक टळते. बहुतेक ड्रेस घड्याळांत पितळेच्या चकतीवर चांदीचा पातळ मुलामा, पारदर्शक लाखेचा थर आणि छपाई असते. ओल आत शिरते ती काचेच्या कडेतून किंवा चावीच्या भोकातून. त्यामुळे काळवंडणे सहसा कडेपासून किंवा तीनच्या अंकाजवळून सुरू होते आणि मध्याकडे विरळ होत जाते. लाख उन्हाने पिवळी पडते. काटे वर्षानुवर्षे एकाच जागी थांबले असतील, तर त्यांच्याखाली फिकट सावली उरते. अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असेल, तर तबकडीवरचा आणि काट्यांवरचा रंग साधारण सारखा पिकलेला असावा. रेडियमची अर्धायु सुमारे १६०० वर्षे, म्हणजे चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो. असा लेप घरी खरवडायला जाऊ नये. त्यानंतर वापरात आलेल्या ट्रिटियमची अर्धायु सुमारे १२.३ वर्षे. त्या काळच्या तबकडीवर सहाच्या अंकाखाली ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर दिसते. रेडियमच्या काळातल्या घड्याळावर ती खूण असेल, तर तबकडी मागाहून आलेली आहे.

रंगवलेली तबकडी भिंगाखाली लपत नाही. कारखान्याची अक्षरे किंचित उठावदार आणि काठाला धारदार असतात, तर रंगवलेलीची सपाट आणि पसरट. मिनिटांच्या रेघा आणि वर बसवलेल्या खुणा एका रेषेत येत नाहीत. ‘स्विस मेड’ गायब असते किंवा वाकडे असते. बसवलेल्या खुणांच्या मुळाशी रंग साचलेला दिसतो. तबकडीच्या कडेला कानशीने पाडलेली बारीक खाच असेल, तर ती बहुधा रंगाऱ्याने दिशेसाठी केलेली खूण असते. जुन्या पाटेकच्या कित्येक तबकड्यांवर नाव कोरून त्यात एनॅमल भरलेले असते. ते घासल्यावर पातळ होते, पण मोकळ्या रंगाने पुन्हा तसे उठत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की जुनेपणाही बनवता येतो. चहाचे पाणी, भट्टीची ऊब, अतिनील दिवा, सगळे उपाय आहेत. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच एकट्या डागावर भरवसा ठेवू नये. बनवलेला रंग सगळीकडे सारखा बसतो, ओलीची वाट दाखवत नाही. तबकडी पिकलेली, पण काटे कोरे, पाठीवरच्या झाकणाची आतली बाजू लखलखीत आणि मशीनच्या स्क्रूंवर गंजाचा अंशही नाही, तर या सगळ्यांचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही. दुसरा आक्षेप उलट दिशेचा. जपून ठेवलेले घड्याळ कोरे राहूच शकत नाही का? राहू शकते. पण मुंबईतल्याच सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि दर पावसाळ्यात इथली हवा कपाटातल्या चामड्यालाही बुरशी आणते. ज्या घड्याळाचा सगळा काळ इथे गेला, त्याची तबकडी डागविरहित असेल, तर तिच्या कोरेपणाचे कारण विक्रेत्याने सांगायला हवे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आजोबांनी घड्याळ वेळ पाहण्यासाठी घेतले, तबकडी खराब झाली म्हणून रंगवून घेतली. यात खोट काय? काहीच नाही. तो प्रामाणिक दुरुस्तीचा व्यवहार होता आणि ते घड्याळ घरात अभिमानाने वापरावे. खोट येते ती रंगवलेली तबकडी मूळ म्हणून विकली जाते तेव्हा. म्हणजे वाद ब्रशशी नाही, बोलण्या-न बोलण्याशी आहे. याच न्यायाने प्रत्येक डागाला भाव देणेही चूक. स्थिर झालेला पिवळेपणा हा जुनेपणा. सुटत चाललेली लाख, हिरवट बुरा, काट्यांवरून पसरणारा गंज ही चालू असलेली झीज. तिचे पैसे वजा करायचे असतात.

म्हणून चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा ओळखीच्या दुकानात सौदा करण्यापूर्वी पाठीचे झाकण उघडायला सांगावे. विक्रेता तयार नसेल, तर भाव कितीही आकर्षक असला तरी परत फिरावे. शक्य असेल तिथे तबकडी उतरवून तिची मागची बाजू आणि खालचे दोन पाय पाहावेत. पाय तोडून तबकडी चिकटवलेली असेल, तर ती दुसऱ्या मशीनची असण्याचा संभव मोठा. नंतर तबकडीला पाणी, स्पिरिट किंवा कापसाचा बोळा लावू देऊ नये. दुरुस्तीला देताना ‘तबकडी साफ करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. आणि खरेदीच्या बिलावर ‘तबकडी मूळ’ किंवा ‘तबकडी रंगवलेली’ यांपैकी एक ओळ विक्रेत्याकडून लिहून घ्यावी. प्रामाणिक विक्रेत्याला ती ओळ जड जात नाही. उद्या तुम्हीच विकायला बसाल, तेव्हा तीच ओळ तुम्हालाही पुढच्या ग्राहकाला लिहून द्यावी लागेल. खरेदी करताना आग्रह धरणारे विकताना गप्प बसले, तर हा बाजार आहे तसाच राहील.