बांगडीची भाषा

(आपण अंगावर जे दागिने आणि वस्तू वापरतो, त्या आपल्याविषयी काही ना काही सांगत असतात. काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे कोणी ठरवायचे? बांगडीसारख्या साध्या वस्तूच्या आधारे लेखकाने प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.)



हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच बाजार आहे. मराठवाड्यातील अशा कोणत्याही बाजाराच्या गावी जा, धान्य, भाजीपाला आणि कापड यांच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान हमखास दिसते. दुकानदार कधी मणियार असतो, तर कधी कासार. मणियार मुसलमान, कासार हिंदू; पण दोघांचे काम एकच आणि गिऱ्हाईकही तेच. समोर बसलेल्या बाईची जात किंवा धर्म बांगडीवाला विचारत नाही. तो फक्त हाताचे माप पाहतो.

हे माप मोठे मजेदार असते. "दोन-चार द्या", "दोन-सहा द्या" असे बायका म्हणतात ते तुम्ही ऐकले असेल. यातील पहिला आकडा इंचांचा आणि दुसरा इंचाच्या सोळाव्या भागांचा. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते, तसेच हे इंचाचे सोळा भाग. म्हणून 'दोन-चार'ची बांगडी सव्वादोन इंच व्यासाची असते आणि 'दोन-आठ'ची अडीच इंचांची. अनुभवी मणियार मात्र पट्टी लावत नाही. तो हात किंचित दाबून पाहतो आणि नेमके माप काढतो. बांगड्या घालण्याला मराठीत 'बांगड्या भरणे' म्हणतात. हात न दुखवता आणि काच न तडकवता बांगड्या भरणे ही एक कलाच आहे.

काचेच्या बहुतेक बांगड्या उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद येथून येतात. लाखेच्या चमचमत्या बांगड्यांसाठी हैदराबादचा लाड बाजार प्रसिद्ध आहे. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे तिकडच्या कितीतरी वस्तू आणि आवडीनिवडी आपल्याकडे रुजल्या आहेत.

बांगडीची आवड आजची नाही. १९२६ साली मोहेंजोदडो येथे नाचणाऱ्या मुलीची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली. तिची उंची वीतभरही नाही. ती सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. त्या मुलीचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. तिचे नाव आपल्याला माहीत नाही, तिची भाषा अजून कोणाला वाचता आलेली नाही. पण तिच्या हातातल्या बांगड्या आपण लगेच ओळखतो.

बांगडी मुकी नाही, ती बोलते. मराठी घरातील नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो. तो पाहिला की हिचे नुकतेच लग्न झाले आहे, हे सांगावे लागत नाही. हिंगोली, नांदेड, वाशीम या भागांत बंजारा समाज मोठा आहे. त्या समाजातील जुन्या पिढीच्या विवाहित स्त्रिया दंडावर 'बलिया' नावाच्या पांढऱ्या बांगड्या घालत. पायातील जोडवी आणि गळ्यातील मंगळसूत्र हेही तेच सांगतात. आपल्या दख्खनमधील मुस्लिम घरांतही लग्न झालेल्या स्त्रीच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत असते. धर्म वेगळे असले, तरी एकाच मातीत राहणाऱ्या माणसांचे दागिने एकमेकांसारखे होतात ते असे.

काही बांगड्या मात्र रीत म्हणून नव्हे, तर केवळ हौस म्हणून घातल्या जातात. चाँदरातीला बांगड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कोणी ओढणीच्या रंगाशी रंग जुळवते, कोणी मुद्दाम विरुद्ध रंग निवडते. एखादी दोन्ही हात भरून घेते, एखादीला एकच चांदीचे कडे पुरेसे वाटते, तर एखादी नुसते घड्याळ बांधते. मुलांचेही तसेच असते. कोणाला टोपी आवडते, कोणाला गळ्यात रुमाल, तर कोणाला बोटात फिरोजाची अंगठी. 'मी कोण आहे, मला काय आवडते' हे माणूस अशा लहान लहान वस्तूंतून सांगत असतो. पोशाख सगळ्यांचा सारखा असला, तरी या वस्तूंमुळे प्रत्येक जण वेगळा दिसतो.

आता भाषेची एक गंमत पाहा. बांगडी फुटली, तर मराठी घरातील जुन्या बायका 'फुटली' असे म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "बांगडी वाढवली". फुटणाऱ्या वस्तूला 'वाढणे' कसे म्हणता येईल? याचे कारण दुःखाचे आहे. पतीच्या निधनानंतर पत्नीच्या हातातील बांगड्या फोडण्याची प्रथा समाजात होती. त्या क्षणाची आठवण इतकी कठोर होती, की रोजच्या बोलण्यात तो शब्दही नको वाटे. म्हणून उलटा, शुभ शब्द वापरला गेला.

ही प्रथा नीट समजून घेण्यासारखी आहे. पतीचे निधन झाले, की पत्नीचे कुंकू पुसायचे, मंगळसूत्र तोडायचे, बांगड्या फोडायच्या आणि जोडवी काढायची. हे सर्व चारचौघांसमोर होई आणि तिची इच्छा कोणी विचारत नसे. पुढे जन्मभर तिचे रिकामे हात तिच्याविषयी बोलत राहत. एस. टी. स्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशाला तिचे नाव-गाव ठाऊक नसे. पण तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठे दुःख त्याला तिच्या हातांवरून कळे. ज्याची पत्नी वारली आहे अशा पुरुषाच्या अंगावर मात्र अशी कोणतीच खूण नसते. त्याने सांगितले, तरच लोकांना कळते. सांगायचे की नाही, हे त्याच्या हातात असते. तिच्या हातात नसते.

ही गोष्ट खटकली, ती कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाला. हेरवाड हे शिरोळ तालुक्यातील गाव. कोरोनाच्या साथीत ठिकठिकाणी अनेक तरुण स्त्रियांचे पती गेले होते. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की आपल्या गावात विधवा प्रथा पाळायची नाही. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायला लावायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्याच महिन्यात १०० वर्षे पूर्ण झाली. याच शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. हेरवाडच्या ठरावाची दखल राज्य सरकारनेही घेतली. ग्रामविकास विभागाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा आदर्श घेण्यास सांगितले.

मित्रांनो, 'ही प्रथा दुसऱ्यांची आहे, आपला तिच्याशी काय संबंध?' असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही. इस्लाममध्ये पतीच्या निधनानंतर स्त्रीने चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळायची असते. ती गरोदर असेल, तर इद्दत प्रसूतीपर्यंत असते. या काळात ती साजशृंगार टाळते. परंतु इद्दत संपल्यावर बांगडी घालण्यास धर्माची मनाई नाही. असे असूनही आपल्या कित्येक घरांत काचेची बांगडी त्या हातांत पुन्हा येत नाही. कारण धर्म नव्हे, तर 'लोक काय म्हणतील' ही भीती असते.

येथे एक गोष्ट विसरू नका. एखादी आजी म्हणेल, "बाळांनो, मला आता बांगड्या नकोत. माझे मन होत नाही." तर तेही योग्यच आहे. तिला आग्रहाने बांगड्या भरायला लावणे हीदेखील जबरदस्तीच होईल. बांगडी घालणे चांगले आणि न घालणे वाईट, असा हा प्रश्न नाही. निर्णय कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

माणसाच्या आयुष्यातील ज्या गोष्टी त्याच्या स्वतःच्या असतात, त्यांना मराठीत 'खासगी' म्हणतात. हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. तुमच्या उर्दूतील 'खास' या शब्दाशी त्याचे नाते आहे. होळकरांच्या राज्यात राणीच्या स्वतःच्या मालमत्तेला 'खासगी' आणि राज्याच्या खजिन्याला 'दौलत' म्हणत. दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवले जात. माणसाच्या मनाचेही असेच असते. काही गोष्टी सर्वांसाठी असतात आणि काही फक्त आपल्या.

जुन्या लोकांनी अशा खासगी गोष्टींसाठी किती सुंदर जागा केल्या होत्या! आजीच्या कमरेचा बटवा, पदराची गाठ, धोतराची कनवट, गळ्यातला ताईत. बटव्यात सुपारी आहे की नातवासाठी जपलेले नाणे, हे आजीलाच माहीत. ताईत सर्वांना दिसतो. पण त्याच्या आत काय आहे, हे कोणी उघडून पाहत नाही. उन्हाळ्यात धूळ आणि ऊन चुकवण्यासाठी कोणी चेहऱ्यावर रुमाल बांधतो, कोणी श्रद्धेने ओढणी किंवा बुरखा घेते. सजवणाऱ्या वस्तू जशा असतात, तशाच झाकणाऱ्या वस्तूही असतात. सांगणे आणि झाकून ठेवणे, दोन्ही माणसाच्या गरजा आहेत.

आपल्या कायद्यानेही हे मान्य केले आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले, की पोशाख व राहणी यांतून स्वतःला व्यक्त करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मात्र त्याला राज्यघटनेने घातलेल्या मर्यादा आहेत. पुढे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असून, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवन व स्वातंत्र्याच्या हक्कात तो सामावलेला आहे, असे न्यायालयाने सांगितले.

याचा अर्थ कोणी, कोठेही, काहीही घालावे असा नाही. शाळेत गणवेश असतो, कारण तेथे गरीब-श्रीमंत असा भेद दिसू नये. मळणी यंत्रावर काम करताना सैल ओढणी आणि बांगड्या दूर ठेवाव्या लागतात, कारण तेथे जिवाला धोका असतो. अशा नियमांना कारण असते, ते सर्वांना सारखे असतात आणि सर्वांना समजावून सांगता येतात. दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावण्याला मात्र असे कोणतेही कारण नसते.

न्यायालय काही आपल्या वर्गात किंवा गल्लीत येऊन बसणार नाही. तेथे हा हक्क आपणच जपायचा आहे. वर्गातील एखादी मुलगी ईदनंतर रिकाम्या हातांनी आली, तर "तू बांगड्या का घेतल्या नाहीस?" असे सर्वांसमोर विचारू नका. कदाचित घरी पैसे नसतील, कदाचित घरात दुःख असेल, कदाचित तिला बांगड्या आवडतच नसतील. मित्राच्या गळ्यातला ताईत ओढून पाहू नका. आणि 'हातात बांगड्या भरल्या आहेत का?' असे कोणाला हिणवू नका. आपल्या भागात कापूस वेचणारे, हळद काढणारे आणि पहाटे उठून भाकरी थापणारे हात बांगड्या भरलेलेच असतात. अशा हातांना दुबळे म्हणणे हे आपले अज्ञान आहे.

बांगडीला भाषा आहे, हे खरे. ती भाषा ज्या हातात बांगडी आहे, त्या हाताने बोलावी. आणि तो हात गप्प राहू इच्छित असेल, तर आपण त्या मौनाचाही मान राखावा.

शब्दार्थ

हमखास – नक्की, खात्रीने
व्यास – वर्तुळाची मधोमध मोजलेली रुंदी
लाख – झाडावरील किड्यांपासून मिळणारा राळेसारखा पदार्थ
चुडा – हातभर बांगड्यांचा संच
जोडवी – विवाहित स्त्रियांच्या पायाच्या बोटांतील दागिने
कनवट – धोतर कमरेला खोचून वस्तू ठेवण्यासाठी केलेली जागा
ताईत – तावीज
परिपत्रक – सरकारी कार्यालयाने सर्वांना पाठवलेली सूचना
अभिव्यक्ती – आपले विचार व भावना प्रकट करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'दोन-आठ' मापाच्या बांगडीचा व्यास किती असतो?
(आ) होळकरांच्या राज्यात 'खासगी' कशाला म्हणत?
(इ) हेरवाड हे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) बांगडी फुटली असता 'वाढवली' असे का म्हणतात?
(आ) हेरवाडच्या ग्रामसभेने कोणता ठराव केला?
(इ) गणवेशाचा नियम आणि दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावणे यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?

प्र. ३. पुढील शब्द उर्दूतही वापरले जातात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
बाजार, रुमाल, हक्क, पोशाख, खजिना

प्र. ४. 'निर्णय कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.' या विधानाविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना त्यांच्या लहानपणीच्या दागिन्यांची नावे विचारा आणि त्यांची मराठी व उर्दू यादी तयार करा. जे त्या सांगणार नाहीत, ते विचारू नका.