स्पर्शाविना व्रणपरीक्षा

खोपोलीनजीक जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर शिळफाटा लागतो. (ठाणे जिल्ह्यातील शिळफाटा तो निराळा.) या परिसरात कारखाने आहेत, भातखाचरे आहेत आणि जवळच बोरघाट आहे. भट्टीजवळ काम करताना भाजणे, लावणीच्या वेळी अनवाणी पायात धसकट रुतणे, घाटातील अपघात अशा निमित्तांनी होणाऱ्या जखमा येथे नव्या नाहीत. बहुतेक जखमा दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. चिंता असते ती न भरणाऱ्या जखमेची, विशेषतः मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रणाची. मधुमेहात पायाची संवेदना बोथट होते आणि रक्तपुरवठाही मंदावतो. त्यामुळे जखम चिघळत असतानाही रुग्णाला वेदना जाणवेलच असे नाही.

पट्टी सोडून व्रण पाहणे व त्याची लांबी-रुंदी मोजणे, ही नेहमीची पद्धत होय. चार आठवड्यांत व्रणाचे क्षेत्रफळ निम्म्याने घटले नाही, तर त्याच उपचाराने बारा आठवड्यांत तो भरून येण्याची शक्यता कमी असते, असा अनुभव आहे. परंतु चार आठवडे हा काळ थोडा नव्हे. व्रणाचा तुकडा काढून तपासावा, तर जखमेत नवी जखम होते. येथे प्रकाश उपयोगी पडतो.

अंधारात विजेरीवर तळहात धरला की बोटांच्या कडा लाल दिसतात. रक्त निळा व हिरवा प्रकाश शोषून घेते, तांबडा मात्र बराचसा पलीकडे जातो. सुमारे 650 ते 950 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी शरीरात काही मिलिमीटर खोल शिरू शकतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) प्राणवायूयुक्त रक्तद्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, तांबडा प्रकाश कमी शोषते व अवरक्त अधिक, प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे याच्या उलट असते. दोन्ही प्रकाशांची तुलना केली की रक्तातील प्राणवायूचा अंदाज येतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास नाडीच्या ठोक्यांचा आधार घेऊन या तत्त्वावर जे मापन साधले, त्यातूनच कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर घडला.

बोटातून प्रकाश आरपार जातो; पायाच्या व्रणातून तो परत यावा लागतो. म्हणून एका तंतूने प्रकाश सोडायचा व काही मिलिमीटर अंतरावरील दुसऱ्या तंतूने परतलेला प्रकाश टिपायचा, अशी योजना करतात. दोन तंतूंमधील अंतर वाढवले की अधिक खोलीवरची माहिती मिळते. भरणाऱ्या जखमेत प्रथम नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची दाटी होते आणि पुढे ती ओसरते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेही व्रणांवर अशी मोजणी वेळोवेळी केली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या छोट्या प्राथमिक अभ्यासात, भरून आलेल्या व्रणांत हिमोग्लोबिन क्रमाने उतरत गेल्याचे आढळले. न भरलेल्या व्रणांत तसा उतार दिसला नाही. एका दिवसाच्या आकड्याला येथे फारसे मोल नाही, कल महत्त्वाचा.

भाजलेल्या जखमांसाठी लेसर डॉप्लर हे तंत्र वापरतात. वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते व त्यावरून रक्तप्रवाहाचा नकाशा तयार होतो. भाजल्यानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यानची मोजणी विशेष विश्वसनीय ठरते. अनुभवी डॉक्टरांचाही भाजण्याच्या खोलीविषयीचा नजरेचा अंदाज सुमारे दोन तृतीयांश वेळाच बरोबर येतो. त्वचारोपण करावे की वाट पाहावी, हा प्रश्न त्या अंदाजावर अवलंबून असतो. भट्टीवरील कामगाराची टळू शकणारी शस्त्रक्रिया टळणे ही लहान गोष्ट नव्हे.

रायगड जिल्ह्यातच खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. तेथे मुखकर्करोगाच्या निदानासाठी रामन वर्णपटाचा अभ्यास झाला आहे. 1928 साली सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेला हा परिणाम ऊतींची रासायनिक घडण न कापता ओळखू देतो. व्रणांच्या अभ्यासातही परदेशात तो वापरला गेला आहे.

एक अडचण मात्र आपल्याकडे विशेष आहे. त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषते. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रक्तातील प्राणवायूची कमतरता ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. गोऱ्या त्वचेवर जुळवलेले यंत्र उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या पायावर तसेच्या तसे लावणे म्हणूनच योग्य नाही. त्याच रुग्णाच्या निरोगी त्वचेशी तुलना केल्यास हा दोष कमी होतो. तळपायाला मेलॅनिन मुळातच थोडे असते, ही त्यातल्या त्यात सोयीची बाब.

ही यंत्रे महाग असून गावोगाव पोहोचलेली नाहीत. तोवर साधा मोबाइल कॅमेराही कामास येतो. व्रणाशेजारी मोजपट्टी ठेवून, दर आठवड्याला त्याच अंतरावरून व तशाच उजेडात छायाचित्र घेतल्यास क्षेत्रफळ घटते की नाही हे डॉक्टरांना दुरूनही पाहता येते, आणि वाडीवरच्या रुग्णाची एखादी खेप वाचते. छायाचित्रात खोली मात्र दिसत नाही. कडा काळवंडणे, दुर्गंधी, पायावर पसरत जाणारी लाली किंवा ताप यांपैकी काहीही आढळले, तर पुढच्या छायाचित्राची वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते.