घटक ५ : किंमतवाचक शब्द आणि गुणवत्तेची कल्पना

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• मराठीतील किंमतवाचक शब्दांच्या अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
• किंमत हे एक चिन्ह कसे ठरते, हे सोदाहरण सांगता येईल.
• किंमत आणि गुणवत्ता यांची सांगड कोठे योग्य व कोठे फसवी ठरते, याचे विवेचन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींचा परिचय करून घेतला. त्याच साधनांच्या आधारे या घटकात आपण रोजच्या व्यवहारातील एका लहान शब्दसमूहाकडे पाहणार आहोत. स्वस्त, महाग, भारी, हलका, भाव, मोल, किंमत हे ते शब्द होत.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन शेजारी तालुके. घोड आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर येथे ऊस होतो, कांदाही होतो. शिरूरच्या बाजारात किंवा दौंड बाजार समितीच्या केडगाव येथील उपबाजारात कांदा नेणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. एकाच वावरातल्या, एकाच चाळीत साठवलेल्या कांद्याला या आठवड्यात एक भाव मिळतो आणि पुढच्या आठवड्यात आवक वाढली की दुसराच मिळतो. भाव पडला म्हणून कांदा वाईट झाला, असे तो म्हणत नाही.

मात्र हाच शेतकरी बियाणे, साडी किंवा औषध घेण्यासाठी दुकानात गेला की त्याचा विचार पालटतो. ‘एवढ्या स्वस्तात देतो आहे, म्हणजे माल बरा नसणार’ असे तो सहज म्हणून जातो. विकताना भाव आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी असतात. घेताना त्या एकच होतात. हा पालट कसा घडतो आणि त्यात भाषेचा वाटा किती, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ किंमतवाचक शब्द व त्यांच्या अर्थच्छटा

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘मोल’ हा शब्द संस्कृत ‘मूल्य’वरून आला. ‘किंमत’ हा अरबी शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत रुळला. ‘दाम’चे मूळ ‘द्रम्म’ या नाण्याच्या नावात आणि त्यामागे ग्रीक ‘द्राख्मे’मध्ये सापडते. ‘महाग’ हा शब्द ‘महार्घ’ या संस्कृत शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘मोठे मोल असलेले’ असा आहे. म्हणजे ‘महाग’ या शब्दाच्या पोटातच थोरवीची कल्पना दडलेली आहे.

आता आजचा वापर पाहा. ‘भारी साडी’ म्हटल्यावर ती वजनाने जड आहे, महाग आहे की उत्तम आहे? तिन्ही अर्थ एकाच शब्दात मिसळलेले असतात. बोलीत तर ‘भारी’ म्हणजे नुसते ‘उत्कृष्ट’. याउलट ‘हलका’ म्हणजे वजनाने कमी, किमतीने कमी आणि प्रतीनेही कमी. ‘उंची अत्तर’, ‘उंची वस्त्रे’ या प्रयोगांत उंचीचे माप किमतीला व दर्जाला एकदमच लागू होते. भाव ‘चढतो’ आणि ‘उतरतो’. माणूसही कोणाच्या मनातून ‘उतरतो’.

भाषावैज्ञानिक जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० साली असे प्रतिपादन केले की, रूपक हा केवळ काव्याचा अलंकार नसून नित्याच्या विचाराचा तो एक साचा असतो. ‘वर ते चांगले, खाली ते वाईट’ हा असाच एक साचा होय. मराठीत वजन, उंची, किंमत आणि गुणवत्ता ही चार वेगळी मापे याच साच्यात एकत्र आली आहेत. त्यामुळे ‘हलक्या किमतीचा पण भारी माल’ असे म्हणताना आपल्याला ‘पण’ हे अव्यय वापरावे लागते. विरोध वस्तूत नसतो. तो भाषेने आधीच गृहीत धरलेला असतो.

वाक्प्रचार पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. कवडीमोल, मातीमोल, बहुमोल, अनमोल. किंमत देणे, किंमत कळणे, भाव खाणे, भाव न देणे. यांतील बहुतेक प्रयोग पैशाबद्दल नाहीतच. ते मान, कदर आणि प्रतिष्ठा यांबद्दल आहेत. ‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण हसत हसत वापरली जाते, कारण फुकटात पौष्टिक काही नसते हे तिने गृहीत धरलेले आहे.

शब्दशक्तींच्या परिभाषेत सांगायचे तर ‘स्वस्त’ या शब्दाचा वाच्यार्थ ‘कमी किमतीचा’ एवढाच आहे. ‘स्वस्त विनोद’, ‘स्वस्त लोकप्रियता’ या प्रयोगांत तो लक्षणेने ‘हिणकस’ या अर्थापर्यंत पोहोचतो. दुकानात वाच्यार्थाने उच्चारलेल्या ‘स्वस्त’ शब्दामागेही ही छटा व्यंग्यार्थ म्हणून रेंगाळत राहते.

५.२.२ किंमत : एक चिन्ह

फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात भाषिक मूल्याची तुलना नाण्याशी केलेली आहे. नाण्याचे मूल्य दोन संबंधांवर ठरते. त्याच्या बदल्यात कोणती वस्तू मिळते हा एक संबंध, आणि इतर नाण्यांच्या तुलनेत त्याचे स्थान कोणते हा दुसरा. किंमतीचा आकडाही असाच वाचला जातो. शेजारी तीनशे आणि दोन हजारांच्या साड्या असतील, तर आठशेची साडी ‘मध्यम’ ठरते. तीच पाच हजारांच्या रांगेत ‘साधी’ होते.

मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. धूर हे अग्नीचे दर्शक चिन्ह आहे, कारण त्यांच्यात कार्यकारणसंबंध आहे. किंमत आणि गुण यांच्यात असा संबंध कधी असतो, कधी नसतो. अधिक श्रम व चांगला कच्चा माल वापरला तर खर्च वाढतो आणि किंमतही वाढते. तेथे किंमत ही दर्शक असते. जाहिरात, दुकानाचे भाडे, टंचाई किंवा केवळ प्रतिष्ठा यांमुळे किंमत वाढली असेल, तर धूर दिसतो पण अग्नी नसतो.

मग ग्राहक या चिन्हावर विसंबतो का? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला वस्तू ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. शेतकऱ्याला आपला कांदा ठाऊक असतो, म्हणून भावाचा आकडा त्याला फसवत नाही. बियाण्याच्या पाकिटात काय आहे हे त्याला पेरल्यावाचून कळत नाही. जेथे ज्ञान अपुरे असते, तेथे किंमत त्याची जागा घेते.

५.२.३ गुळाचा रंग आणि गुळाचा भाव

दौंड तालुक्यात गुऱ्हाळे मोठ्या संख्येने आहेत. चुलवाणावरच्या काहिलीत उसाचा रस उकळतो, मळी काढली जाते, गुळव्या पाकाची परीक्षा करतो आणि अखेरीस ढेप तयार होते. रस निवळण्यासाठी भेंडीचा चिकट रस आणि चुना वापरण्याची जुनी रीत आहे.

घाऊक बाजारात गुळाची प्रत ठरवताना रंग हा महत्त्वाचा निकष मानला जातो. पिवळाधमक गूळ भाव खातो, काळपट गूळ मागे पडतो. यामुळे रंग उजळण्यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे बोलीतील ‘हायड्रॉस’, वापरण्याची प्रथा पडली. हा उजळपणा टिकाऊ नसतो. साठवणीत असा गूळ पुन्हा काळवंडतो. येथे चिन्हांची साखळी पाहा : रंग हे गुणाचे चिन्ह मानले गेले, भाव हे रंगाचे चिन्ह झाले, आणि शेवटी गुणाकडे न पाहता रंगच तयार केला जाऊ लागला.

आता शहरातील दुकानाकडे वळू. तेथे तांबूस-काळपट गूळ ‘सेंद्रिय’, ‘रसायनमुक्त’ या शब्दांनिशी पिवळ्या गुळापेक्षा महाग विकला जातो. एका बाजारात जो रंग स्वस्ताईचे कारण होता, तोच दुसऱ्या बाजारात महागाईचे समर्थन झाला. रंगाचा अर्थ पालटला तो लेबलावरील शब्दामुळे.

पण येथेही सावध राहावे. गूळ काळपट होण्यामागे रसायन न वापरणे हे एकच कारण नसते. पाक अधिक तापला किंवा ऊस क्षारयुक्त जमिनीतला असला तरीही रंग गडद होतो. म्हणून काळपट रंग हाही शुद्धतेचा पुरावा नव्हे. ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण आपण दुसऱ्याला उद्देशून वापरतो. परंतु चव न घेता रंग आणि आकडा यांवरून निवड करताना आपण स्वतः त्या म्हणीच्या कक्षेत येतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) ‘महाग’ हा शब्द कोणत्या संस्कृत शब्दापासून आला?
आ) ‘भारी’ या विशेषणात कोणते तीन अर्थ मिसळलेले आहेत?
इ) गुळाचा भाव ठरवताना रंग हे कशाचे चिन्ह मानले जाते?

५.२.४ किंमत अनुभव घडवते का?

१९५४ साली हॅरॉल्ड लेव्हिट यांनी एका छोट्या प्रयोगात लोकांना केवळ किमतीने वेगळ्या असलेल्या पर्यायांतून निवड करण्यास सांगितले. ज्या वस्तूंच्या दर्जात बरीच तफावत असते असे लोकांना वाटत होते, त्या वस्तूंच्या बाबतीत महाग पर्यायाकडे कल अधिक दिसला.

पुढच्या संशोधनाने याहून खोल गोष्ट दाखवली. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८२ व्यक्तींना नवे वेदनाशामक म्हणून एक गोळी देण्यात आली. प्रत्यक्षात त्या गोळीत कोणतेही औषध नव्हते. काहींना तिची किंमत अडीच डॉलर असल्याचे सांगितले, तर काहींना ती घटवून दहा सेंट केल्याचे सांगितले. पूर्ण किंमत ऐकलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के व्यक्तींना वेदना कमी झाल्यासारखे वाटले; घटवलेली किंमत ऐकलेल्यांत हे प्रमाण ६१ टक्के होते.

गोळी एकच, तीही निर्गुण. बदलले ते फक्त एक वाक्य. किंमत केवळ आपले मत बनवते असे नाही, ती अनुभवालाही आकार देते. म्हणून ‘महाग घेतले आणि गुण आला’ हा अनुभव खोटा नसतो. मात्र तो वस्तूच्या गुणाचा पुरावाही नसतो.

५.२.५ ‘स्वस्त’ आणि ‘परवडणारे’

समानार्थी वाटणाऱ्या शब्दांची निवड किती दूरवर परिणाम करते, याची दोन उदाहरणे पाहू.

टाटा नॅनो ही मोटार जानेवारी २००८ मध्ये लोकांसमोर आली आणि २००९ साली बाजारात उतरली. ‘लाखाची गाडी’ आणि ‘जगातील सर्वांत स्वस्त मोटार’ अशी तिची ख्याती झाली. दुचाकीवर भिजत जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला सुरक्षित वाहन मिळावे, हा तिच्यामागील विचार होता. तथापि मोटार ही आपल्याकडे प्रतिष्ठेचेही चिन्ह आहे, आणि ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुद दारात उभे करायला फारसे कोणी उत्सुक नव्हते. ‘स्वस्त’ ही ओळख गाडीला बाधली, हे पुढे रतन टाटा यांनीही जाहीरपणे मान्य केले. अपयशाला इतरही कारणे होती. पण भाषेच्या अभ्यासकाने हे कारण विसरू नये.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २००८ साली केंद्र शासनाने जनौषधी योजना सुरू केली. तेथे औषधे व्यापारी नावाऐवजी मूळ घटकाच्या नावाने विकली जातात. जाहिरातीचा व व्यापारी नावाचा खर्च नसल्याने ती पुष्कळ कमी किमतीत मिळतात. तरीही ‘स्वस्तातले औषध लागू पडेल का?’ ही शंका ऐकू येते. रक्तदाब किंवा मधुमेह यांसारख्या आजारांत गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. एकाच घटकाचे महाग नाव हेच गुणकारी, या समजुतीमुळे एखादे कुटुंब महिन्याच्या अखेरीस गोळ्यांत खंड पाडत असेल, तर शब्दाच्या अर्थच्छटेची किंमत त्या रुग्णाचे शरीर मोजत असते. औषधातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. पण प्रश्न ‘केवढ्याला?’ हा नसून ‘घटक कोणता, मात्रा किती?’ हा असावा.

हाच विचार आपल्याला स्वतःलाही लागू करून पाहता येईल. मुक्त शिक्षणाचे शुल्क कमी असते, कारण रोजचे वर्ग व वसतिगृहे यांचा खर्च त्यात नसतो. शुल्क कमी म्हणून पदवी हलकी, असे म्हणणारा मनुष्य शुल्काचे कारण न विचारता आकडाच वाचत असतो. तिचा कस अभ्यासक्रम, मूल्यमापन आणि आपण केलेला अभ्यास यांवरून ठरतो.

५.२.६ चिन्हाची पारख

किंमतीवर कधीच विसंबू नये, असा याचा अर्थ नव्हे. पारख करताना पुढील मुद्दे उपयोगी पडतात.

१) किंमत कशामुळे वाढली? घटक, श्रम, टंचाई की जाहिरात?
२) छापील शब्दांचा वाच्यार्थ काय? ‘कमाल किरकोळ किंमत’ म्हणजे यापुढे विक्रेत्याने जाऊ नये अशी मर्यादा. ते योग्य मूल्याचे प्रमाणपत्र नव्हे.
३) ‘सूट’ हा शब्द काय करतो? ‘स्वस्त’ म्हटले की माल हलका वाटतो. ‘सूट’ म्हटले की माल भारीच राहतो आणि पैसे तेवढे कमी होतात. म्हणून दुकानदार दुसरा शब्द पसंत करतो.
४) तपासणीवर आधारलेले दुसरे चिन्ह आहे का? १९३७ च्या कायद्यावर आधारलेले अॅगमार्क किंवा सोन्यावरील हॉलमार्क ही अशी चिन्हे होत.

५.३ सारांश

मराठीतील किंमतवाचक शब्दांत वजन, उंची, पैसा आणि गुण यांच्या कल्पना मिसळलेल्या आहेत. त्यामुळे किंमत ऐकताच गुणवत्तेविषयीचा निष्कर्ष भाषाच सुचवते. वस्तूचे ज्ञान अपुरे असेल तेथे हा निष्कर्ष प्रबळ होतो. किंमत हे कधी खरे दर्शक चिन्ह असते, कधी नसते. वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ वेगळे करून पाहणे ही या बाबतीत केवळ साहित्याभ्यासाची नव्हे, तर संसाराच्याही उपयोगाची सवय आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

अर्थच्छटा : वाच्यार्थासोबत सूचित होणारा सूक्ष्म अर्थ.
दर्शक चिन्ह : ज्याचा आपल्या अर्थाशी कार्यकारणसंबंध असतो असे चिन्ह.
व्यंग्यार्थ : व्यंजनेने सुचवला जाणारा अर्थ.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) महार्घ. आ) वजनाने जड, महाग, उत्तम. इ) गुळाच्या गुणाचे, म्हणजेच प्रतीचे.

५.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१) ‘किंमत हे चिन्ह आहे’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२) ‘स्वस्त’, ‘परवडणारे’, ‘माफक’ आणि ‘किफायतशीर’ या शब्दांच्या अर्थच्छटांतील फरक स्पष्ट करा.
३) आपल्या गावच्या आठवडे बाजारात जाऊन विक्रेते व ग्राहक यांच्या बोलण्यातील किमतीविषयीचे वीस शब्दप्रयोग टिपा. त्यांतील किती प्रयोग पैशाबद्दल आणि किती दर्जाबद्दल आहेत, याचे वर्गीकरण करून दोन पानांचे टिपण लिहा.