जुनी पर्स : अडगळ की उपयुक्त वस्तू?

शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे कपाट उघडले असता त्यात हमखास आढळणारी एक वस्तू म्हणजे वापरातून गेलेली पर्स. एखादीची चेन बिघडलेली असते, एखादीचा बंद तुटलेला असतो, तर एखादी केवळ नवी आल्यामुळे मागे पडलेली असते. “कधीतरी उपयोगी पडेल” या समजुतीने ती जपून ठेवण्यात येते. हा ‘कधीतरी’ बहुधा उजाडत नाही आणि मधल्या काळात वस्तूही टिकत नाही. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटत असला, तरी घरातील जागा, कारागिराची मजुरी आणि शहराचा कचरा या तिन्ही गोष्टींशी त्याचा संबंध आहे.

चारकोपचे घर

कांदिवली पश्चिमेकडील चारकोपचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात गृहनिर्माण मंडळाने येथे भूखंड आखून पाणी, रस्ते व मलनिस्सारणाच्या सोयी केल्या. अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांनी त्यावर आपापली घरे उभारली. सुमारे ३५ घरे, मध्ये सामाईक चौक आणि त्या सर्वांची मिळून एक सहकारी संस्था, अशी येथील अनेक सेक्टरांतील रचना आहे. लहान भूखंड २५ चौरस मीटरच्या आसपासचे. अशा घरात माळ्याचा वा कपाटाचा एकेक कप्पा मोलाचा असतो. सात-आठ निकामी पर्सनी अडविलेला कप्पा मुलांच्या पुस्तकांना मिळू शकतो, ही गोष्ट लहान नव्हे.

ठेवल्याने वस्तू टिकत नाही

पर्स न वापरता ठेवली की ती जशीच्या तशी राहते, हा समज चुकीचा आहे. मुंबईत पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. चामड्यावर बुरशी चढते. आज बाजारात ‘चामड्यासारखी’ म्हणून मिळणारी पुष्कळशी पर्स कापडावर पॉलियुरेथेनचा लेप देऊन तयार केलेली असते. हा लेप हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, चिकट बनतो आणि पापुद्रे होऊन गळू लागतो. पर्स वापरात असो वा नसो, ही क्रिया थांबत नाही. म्हणून जी पर्स आज कोणाच्या उपयोगी पडू शकेल, ती आणखी दोन-तीन पावसाळ्यांनंतर कोणाच्याही उपयोगाची राहील असे नाही. द्यावयाची वस्तू वेळेवर देणे आवश्यक आहे, ते याच कारणासाठी.

पारख कशी करावी?

प्रथम पर्स कशाची आहे हे ओळखावे. शिवणीजवळची कापलेली कड पाहावी. चामड्याच्या कडेस गुंतलेले तंतू दिसतात आणि आतील बाजू लवदार असते. रेक्झिन वा तत्सम कृत्रिम मालाच्या मागे विणलेले कापड दिसते. जाळून पाहण्याची रीत टाळावी, कारण तिचा धूर आरोग्यास घातक असतो. त्यानंतर सर्व पर्सचे तीन भाग करावेत : चांगल्या, दुरुस्तीयोग्य आणि निकामी.

वाटणी करण्यापूर्वी प्रत्येक कप्पा व अस्तराची फाटलेली शिवण तपासणे अगत्याचे आहे. नाणी, किल्ल्या, औषधाच्या गोळ्या, ओळखपत्रांच्या छायाप्रती, मुदत संपलेली बँकेची कार्डे अशा वस्तू तेथे सापडतात. कार्डाचे कात्रीने तुकडे करावेत आणि कागद फाडून टाकावेत.

दुरुस्ती : चार पैशांची बचत, एकाची मजुरी

चेन लागत नाही म्हणून पर्स बाद करणे ही सर्वांत सामान्य चूक होय. अनेकदा चेनचे दात शाबूत असतात आणि केवळ रनर झिजलेला असतो. तो बदलला की काम भागते. तुटलेला बंद, उसवलेली शिवण, निसटलेली कडी हीदेखील नाक्यावरच्या गटई कामगाराच्या हातची कामे आहेत.

या कारागिरासाठी शासनाने काही पावले टाकली आहेत. चर्मोद्योगाच्या व चर्मकार समाजाच्या विकासासाठी १९७४ साली स्थापन झालेले महामंडळ आज संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. रस्त्याच्या कडेला उन्हापावसात बसणाऱ्या अनुसूचित जातीच्या गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल देण्याची सामाजिक न्याय विभागाची योजना आहे. परंतु स्टॉलला छप्पर मिळाले तरी काम हे ग्राहकानेच आणावयाचे असते. दुरुस्तीची सवय मोडली, तर कारागिराचे कसब त्याच्यापाशीच संपते आणि पुढची पिढी ते शिकत नाही.

द्यावी कोणास?

चांगली पर्स देताना एकच कसोटी लावावी : ती आपण स्वतः बाहेर घेऊन गेलो असतो काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ती देणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात ठेवणे होय. घरकाम करणाऱ्या बाईंना फाटकी पर्स देऊन उपकाराची भावना बाळगणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण नव्हे. पर्स आतून-बाहेरून पुसून, उन्हात नव्हे तर सावलीत वाळवून आणि “हवी आहे का?” असे विचारूनच द्यावी.

जुन्या वस्तूंची फिरती व्यवस्था मुंबईला नवीन नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहे. १९९९ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘गूंज’ ही संस्था शहरांतील वापरण्याजोग्या वस्तू गोळा करून त्या ग्रामीण भागात पोहोचविते. अशा संस्थांकडे देण्यापूर्वी त्या सध्या काय स्वीकारतात याची चौकशी करावी.

सुटे भागही उपयोगी

जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीच्या तुकड्याचा बटवा करणाऱ्या घरांत वस्तू एकदम टाकली जात नसे. निकामी पर्सच्या बाबतीतही तेच करता येते. कड्या, बक्कल, चांगली चेन आणि लांब बंद उसवून घ्यावेत. शिवणकाम करणाऱ्या महिला बचत गटाला ते उपयोगी पडतात. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवीची गरज वाढली आहे. जुन्या जीन्सच्या पिशवीला पर्सचा मजबूत बंद लावल्यास ती बाजारहाटास वर्षानुवर्षे पुरते. अस्तराचे कापड पुसण्यासाठी, तर चामड्याचे तुकडे चष्म्याच्या घरासाठी वापरता येतात.

शेवटी उरेल ते

एवढे करूनही काही भाग उरतोच. तो ओल्या कचऱ्यात मिसळू नये, सुक्या कचऱ्यात द्यावा. तो जाळणे तर कटाक्षाने टाळावे. रेक्झिनमधील पी.व्ही.सी. जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. ज्वलनशील पण पुनर्वापरास अयोग्य असा, किलोमागे १५०० किलोकॅलरी वा अधिक उष्मांक असलेला कचरा क्षेपणभूमीत न गाडता ऊर्जानिर्मितीसाठी वापरावा, असे धोरण २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घालून दिले. मात्र घरातच कचरा वेगळा झाला नाही, तर हे धोरण कागदावर राहते.

मिसळलेल्या कचऱ्याचे काय होते, याचा धडा चारकोपच्या शेजारीच आहे. बोरिवलीजवळच्या गोराई क्षेपणभूमीत १९७२ पासून कचरा पडू लागला. खाडीकाठच्या सुमारे २० हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून अधिक कचरा साचला. २००७ मध्ये ती बंद करून शास्त्रीय पद्धतीने झाकावी लागली. तेथे गेलेली रेक्झिनची पर्स मातीत मिसळून गेलेली नाही, ती त्या टेकडीच्या पोटात आजही आहे.

संस्थेने करावयाचे काम

हे काम एकट्या गृहिणीवर सोपविणे योग्य नाही. चौकाभोवतीच्या ३५ घरांच्या संस्थेने वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, एक रविवार यासाठी ठेवावा. सूचनाफलकावर आठ दिवस आधी सूचना लावावी. चौकात तीन सतरंज्या अंथराव्यात आणि गटई कामगाराला कामाचा दर आधी ठरवून तेथेच बोलवावे. एका घरातून एखादेच काम निघते, पण ३५ घरांतून त्याची दिवसभराची मजुरी सहज निघू शकते. संध्याकाळी चांगल्या पर्स संस्थेकडे, सुटे भाग बचत गटाकडे आणि उरलेले सुक्या कचऱ्याकडे रवाना व्हावे.

जी पर्स ठेवावयाची असेल, तिच्यात जुनी वर्तमानपत्रे भरून, प्लास्टिकऐवजी सुती कापडात गुंडाळून ती हवेशीर ठेवावी आणि अधूनमधून वापरावी. बाकीच्या पर्सबाबतचा निर्णय मात्र पुढच्या पावसाळ्यापूर्वीच घेतलेला बरा.